न शिकता गाणाऱ्यांनो, तुमचा आवाज कशाने सुधारला?

गुरू नाही, क्लास नाही, तरी गाणं सुटत नाही अशांसाठी हा धागा. ऐकीव सल्ले नकोत. स्वतः काय केलंत आणि काय फरक पडला ते लिहा. फसलेले प्रयोगही चालतील.

माझ्यापासून सुरुवात. वर्षानुवर्षं मूळ गायिकेच्याच पट्टीत गायचे. अंतरा आला की हनुवटी वर, भुवया वर आणि आवाज चिरकलाच. एकदा कराओकेचा ट्रॅक काळी पाचवरून काळी तीनवर, म्हणजे पेटीच्या दोन काळ्या पट्ट्या खाली आणला. तेच गाणं, तोच गळा, पण अंतरा बसल्या बसल्या निघाला. इतकी वर्षं उगाच स्वतःला नावं ठेवली!

*

मला रेकॉर्डिंगने शिकवलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोन बिघडलाय असं वाटलं. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून आतून भरदार वाटतो. आठवडाभर लाज गिळून ऐकत राहिलो, तेव्हा कळलं की मी सगळीकडे बेसूर नाही. फक्त ओळीचा शेवटचा स्वर उतरतो. म्हणजे दोष कानाचा नव्हता, दमाचा होता. आता गाण्याच्या कागदावर श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीने छोटा स्वल्पविराम देतो. श्वास घेताना खांदे उचलले गेले की पुन्हा पहिल्यापासून.

*

स्ट्रॉ! ग्लासातल्या पाण्यात दोनेक सेंटीमीटर बुडवायचा आणि त्यातून 'ऊ' गुणगुणायचं. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. उसळले तर जोर जास्त, थांबले तर दम तुटला. पाच मिनिटांत गळा मोकळा होतो. घरचे हसतात, हसू देत.

*

गाण्याआधी गरम पाणी, बाकी काही नाही.

*

वरच्यांना : ते पाणी स्वरतंतूंना लागतच नाही, अन्ननलिकेतून जातं. शेकल्यासारखं बरं वाटतं, इतकंच. दिवसभर पाणी पीत राहणं जास्त कामाचं.

माझा अनुभव जरा कडू आहे. वरचे स्वर ओरडून काढायचो. घसा बसला, तर महिनाभर कुजबुजत बोललो, म्हटलं विश्रांती होईल. डॉक्टरांनी आधी कुजबुजणं आणि खाकरणं बंद करायला सांगितलं. दोन्हींनी तंतूंवर ताणच येतो. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. मी उशीर केला.

*

सगळं खरं, पण आधी सा लावा. मोबाइलवर तानपुरा, रोज दहा मिनिटं, एकच स्वर. हरकती-मुरक्या नंतर. पहिले काही दिवस जांभया आल्या. मग एकदा सा असा लागला की माझा आवाज त्यात विरघळला, वेगळा ऐकूच येईना. क्षणभर वाटलं, गायचे थांबले की काय!

*

धागाकर्ती : स्ट्रॉ आत्ताच करून पाहिला. अकरा सेकंद. मग हसू आलं आणि अर्धं पाणी कीबोर्डवर.