शब्दचर्चा: ‘आब्लेस’ की ‘आब्लारास’?

‘तू तिच्याशी बोलावंस अशी माझी इच्छा होती’ याचं स्पॅनिश मी ‘केरीआ के आब्लेस कोन एया’ असं केलं. बाईंनी ‘आब्लेस’ खोडून ‘आब्लारास’ लिहिलं. पण ‘होती’चा भूतकाळ ‘केरीआ’त आला आहे की! ‘बोलावंस’ला का हात लावायचा?

*

मराठीत लावावा लागत नाही, म्हणून तुम्हाला ते खटकतंय. ‘तू बोलावंस असं वाटतं’ आणि ‘तू बोलावंस असं वाटत होतं’, दोन्हीकडे ‘बोलावंस’ तसंच राहतं. आपला विध्यर्थ काळाप्रमाणे बदलत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘किएरो के आब्लेस’ (आत्ता वाटतं) आणि ‘केरीआ के आब्लारास’ (तेव्हा वाटत होतं). हे दुसरं रूप म्हणजे इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, इच्छा किंवा कल्पना सांगणारं भूतकाळाचं रूप.

रूप साधायला सोपं आहे. प्रेटेरिटमधलं (साध्या भूतकाळातलं) अनेकवचनी ‘ते’चं रूप घ्या, शेवटचं ‘रोन’ काढा आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावा. आब्लारोनचं आब्लारा, कोमिएरोनचं कोमिएरा, बिबिएरोनचं बिबिएरा. अनियमित क्रियापदंही याच वाटेनं जातात: तुबिएरोन, तुबिएरा. म्हणून प्रेटेरिट पक्कं करा, तिथे कच्चं राहिलं तर इथे अडणारच.

खरी मेख ‘जर-तर’मध्ये आहे. ‘मला स्पॅनिश बोलता येत असतं तर मी माद्रिदमध्ये काम केलं असतं.’ आपण दोन्हीकडे ‘असतं’ म्हणतो, तो संकेतार्थ. स्पॅनिशमध्ये फक्त ‘जर’च्या बाजूला हे रूप येतं: ‘सी आब्लारा एस्पान्योल, त्राबाखारीआ एन माद्रिद’. ‘तर’च्या बाजूला कंडिशनल, म्हणजे ‘त्राबाखारीआ’ (काम केलं असतं). म्हणजे आपले विध्यर्थ आणि संकेतार्थ हे दोन वेगळे अर्थ तिथे एकाच रूपात येतात. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण तोवर दोन नियम वेगवेगळे पाठ करत होतो.

*

पुस्तकात ‘आब्लासे’ही दिसतं. ते काय?

*

अर्थ तोच. दोन्ही लॅटिनमधल्या वेगवेगळ्या रूपांपासून आलेली. स्पेनमध्ये दोन्ही ऐकू येतात, लॅटिन अमेरिकेत बोलताना ‘रा’चीच चलती. तुम्ही ‘रा’ बोला, ‘से’ वाचताना ओळखता आलं की पुरे.

*

ताई, एक सांगू? वहीत हे शब्द देवनागरीत लिहू नका. ‘आब्लाऽरा’ (बोलावं) आणि ‘आब्लाराऽ’ (तो बोलेल) यांत फरक आघाताचा आहे. रोमनमध्ये दुसऱ्याच्या शेवटच्या ‘a’वर तिरकी रेघ असते. देवनागरीत दोन्ही ‘आब्लारा’च. मी वर्षभर तसंच लिहिलं आणि तोंडी परीक्षेत ‘तू बोलावंस’ऐवजी ‘तू बोलशील’ म्हणून आलो. ‘आम्ही’च्या रूपातही ती रेघ लागते, ‘आब्लाऽरामोस’मधल्या ‘ला’वर. मोठ्यानं म्हणून पाहा, जोर कुठे पडतो ते लगेच कळेल.