मदत हवी आहे: ११ संघ, मैदान एकच, सामने कसे लावावेत?

मंडळी, १४ वर्षांखालच्या मुलामुलींची फुटबॉल स्पर्धा घेतोय. प्रत्येकी सात खेळाडूंचे ११ संघ, मैदान एकच आणि हातात फक्त शनिवार-रविवार.

बाद पद्धतीने १० सामन्यांत काम उरकतं, पण ५ संघांना पहिल्या फेरीत बाय (न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश) द्यावा लागतो आणि बरीच पोरं एकच सामना खेळून घरी जातात. मग त्यांना बोलवायचं तरी कशाला? सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं तर ५५ सामने, म्हणजे विषयच संपला.

म्हणून ४, ४ आणि ३ संघांचे गट केलेत. साखळीचे १५, उपांत्य २ आणि अंतिम धरून १८ सामने होतात. १५-१५ मिनिटांचे दोन डाव आणि मधली सुटी धरून सामन्याला ४० मिनिटं, म्हणजे रोज साधारण सहा तास. जमेल.

तीन गटविजेते उपांत्य फेरीत जातील; अडलंय ते चौथ्या उपांत्य जागेवर. ती गटांत दुसऱ्या आलेल्यांपैकी सर्वोत्तम संघाला द्यायची, पण तिघांच्या गटात प्रत्येकाचे दोनच सामने होतात, इतरांचे तीन. मोठ्या गटांतल्या तळाच्या संघाविरुद्धचा निकाल वगळून तुलना करावी की सरळ प्रति सामना गुण काढावेत? पालकांना काठावर उभं राहून समजेल असं काहीतरी सांगा, नाहीतर वाद ठरलेला.

आणखी एक. प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळवायचाच, असा नियम कुणी राबवलाय का? नोंद कोण ठेवतं? प्रशिक्षकांच्या शब्दावर सोडायची माझी तयारी नाही.