विज्ञानकथा: पंचवीस वर्षांच्या खंडानंतर काय वाचू? (आणि भाचीला काय देऊ?)

शेंडेनक्षत्र

नमस्कार मंडळी. आधी ओळख, मग गाऱ्हाणं.

मी मूळची देवरुखजवळची. स्कायलॅब (अमेरिकेचं अवकाशस्थानक) पडणार होतं तेव्हा नऊ वर्षांची होते. ११ जुलै १९७९. आजीने गोठ्यातली गुरं सोडून ठेवली होती, आई देवासमोर दिवा लावून बसली होती आणि मी अंगणात बाजेवर पडून आभाळाकडे बघत होते. ते आमच्या परसात पडावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. ते पडलं हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. दुसऱ्या दिवशी वाडीतले सगळे खुशीत, आणि मी रुसलेली. वडील प्राथमिक शिक्षक. माझा रुसवा बघून त्यांनी तालुक्याच्या वाचनालयातून भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणून दिला. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जाताना तिचा लचका तोडतो आणि त्यावरच्या माणसांसकट निघून जातो! माझं इथलं नाव त्याच पुस्तकावरून घेतलंय. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' कुणी वाचलं असेल तर हात वर करा.

मग नारळीकर, लोंढे, फोंडके, घाटे. जे हाताला लागेल ते वाचलं. पुढे पोस्टातली नोकरी, लग्न, सासू-सासऱ्यांची आजारपणं. वाचन कधी सुटलं ते कळलंच नाही. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, त्या रात्री माळ्यावरची ट्रंक उघडली. 'यक्षांची देणगी'च्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, मजकूर शाबूत होता. पहाटेपर्यंत वाचत बसले.

तर दोन प्रश्न.

एक, २०००च्या आसपास माझं वाचन थांबलं. त्यानंतरचं आणि माझं आधी हुकलेलं, दोन्ही सांगा. माझी कसोटी एवढीच की विज्ञान काढून घेतलं तर गोष्ट कोसळली पाहिजे. आणि माणसं आपल्या ओळखीतली हवीत. घरात यंत्रमानव आणून ठेवलाय, पण त्याच्या जागी रामा गडी असता तरी काही बिघडलं नसतं, असल्या गोष्टी नकोत.

दोन, भाची अकरा वर्षांची, मस्कतला असते. मराठी फर्डं बोलते, पण वाचताना अक्षर अक्षर जुळवते. तिच्यासाठी काय निवडू?

रद्दीत_सापडलेला

हात वर! माझ्या प्रतीला मुखपृष्ठच नाही, पण पुस्तक आहे.

ताई, तुमच्या कसोटीला उतरणारी माझी यादी. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' वाचली नसेल तर बाकी सगळं सोडून ती आधी. त्यांनी चिंतामणी देशमुखांबरोबर लिहिलेली 'देवांसि जिवे मारिले' ही कादंबरी. (हे देशमुख वेगळे, अर्थमंत्री नव्हेत. दुकानदाराने मला एकदा रिझर्व्ह बँकेच्या इतिहासाशेजारच्या कप्प्यात शोधायला लावलं होतं.) शुभदा गोगट्यांची 'यंत्रायणी'. 'खंडाळ्याच्या घाटासाठी'मुळे त्यांचं नाव पुष्कळांना माहीत असतं, ही बाजू माहीत नसते. आणि अरुण साधूंची 'विप्लवा'. 'सिंहासन'वाले साधू विज्ञान कादंबरी लिहितात, हे ऐकून लोक अजून दचकतात.

आता खरी अडचण. यातलं निम्मं बाजारात मिळत नाही. नवीन प्रत मागितली की दुकानदार "येणार आहे" म्हणतो, ते गेली बारा वर्षं येतंय. त्यापेक्षा जुनी वाचनालयं धरा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासून आहे, अशा ठिकाणी जुना साठा असतो. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर जून महिन्यात जाऊ नका. तेव्हा सगळी जागा शाळेची पुस्तकं खातात. दिवाळीआधी घरं साफ होतात, आजोबांची कपाटं रद्दीत निघतात. तोच आपला हंगाम.

तिसरी_मिती

थोडं वाकडं बोलतो, रागावू नका. नारळीकरांचा मलाही आदर आहे, पण चाळिशीनंतर परत वाचताना त्यांची माणसं पुठ्ठ्याची वाटतात. एक शास्त्रज्ञ, एक त्याचा मित्र. मित्र विचारतो, "म्हणजे रे काय?" की झालं व्याख्यान सुरू. माणसं हवी असतील तर सुबोध जावडेकर वाचा. 'आकांत' भोपाळच्या वायुकांडावर आहे. लेखक स्वतः केमिकल इंजिनिअर, त्यामुळे कारखान्याच्या आतलं जग उसनं वाटत नाही. ती वाचून मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नव्हतो. भविष्यात जायची गरजच पडत नाही, १९८४ पुरतं.

शेंडेनक्षत्र

'आकांत' माझी हुकलेली आहे, धन्यवाद. तेव्हा बाळंतपणात होते.

पुठ्ठ्याचं म्हणणं मला निम्मं मान्य आहे. पण ट्रंकेतल्या पुस्तकात 'उजव्या सोंडेचा गणपती' पुन्हा वाचली आणि वेगळंच काही ध्यानात आलं. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली की मोबियसची पट्टी होते. तिच्यावरून एक फेरी मारून आलं की डाव्याचं उजवं झालेलं असतं. आता हे दाखवायला नारळीकर काय वापरतात? एक क्रिकेटचा गोलंदाज आणि एक गणपतीची मूर्ती. आमच्या घरात डाव्या सोंडेचा बसतो, कारण उजव्याचं सोवळं कडक, ते आपल्याला झेपायचं नाही, असं आजी म्हणायची. म्हणजे त्या घरात मूर्तीची सोंड उजवीकडे वळली की भूमितीइतकाच नैवेद्याचाही प्रश्न उभा राहतो! हे दुसऱ्या कुठल्या भाषेत कसं लिहिणार? माणसं पुठ्ठ्याची असतील, घर मात्र खरं आहे. मला बहुतेक हेच हवं असतं. यानात बसून आपण दूर जाण्यापेक्षा तिकडचं काहीतरी आपल्या माजघरात शिरावं.

आणि गंमत बघा, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली होती. नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकरची आद्याक्षरं उलटी वाचा. आरशातला माणूस तिथेच सुरू झाला होता. त्या कथेला बक्षीस मिळालं हे वेगळं सांगायला नको.

तिसरी_मिती

जगतापांचं माहीत नव्हतं. एक गुण तुम्हाला.

बटाटवडा_२०६१

(नावाचं स्पष्टीकरण: १९८६ला हॅलेचा धूमकेतू बघायला गच्चीवर गेलो होतो. दिसला एक पुसट डाग, पण वडे झकास होते. २०६१ला पुन्हा येतोय. मी तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा असेन. जमवणार.)

२०००नंतरचं विचारलंत म्हणून मेघश्री दळवी आणि संजय ढोले ही दोन नावं टिपून ठेवा. ढोले पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पण आपल्याकडे विज्ञानकथा पुस्तकाआधी दिवाळी अंकात जन्मते, त्यामुळे पुस्तकांच्या यादीवर विसंबून राहू नका. 'नवल' आणि 'धनंजय'चे जुने अंक गठ्ठ्याने मिळाले तर सोडू नका. त्यात भुतं, खून आणि परग्रहवासी एकाच पंगतीला बसलेले असतात. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा अजून होते. तिच्यातल्या कथांमध्ये चार फिक्या निघतात आणि पाचवी अशी निघते की लेखकाचं नाव पुन्हा वर जाऊन बघावं लागतं.

आणि नारायण धारप! लोक त्यांना फक्त भुतांसाठी ओळखतात. 'नेनचिम' वाचा. 'गोग्रॅमचा चितार' वाचा. ताई, तुमच्या माजघराच्या कसोटीला दुसरी उतरणार नाही कदाचित, तरी वाचा.

ओसरी

भाचीबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

माझी मुलगी बंगळुरूत वाढली, तीच तऱ्हा. पुस्तक हातात देऊ नका. अकरा वर्षांच्या पोराला डोक्याने दहावीची गोष्ट कळते आणि डोळ्यांनी दुसरीची वाचता येते. मग आपण दुसरीच्या लायकीची गोष्ट देतो आणि ते कंटाळतं. तुम्ही वाचून दाखवा. आठवड्यातून एकदा, व्हिडिओ कॉलवर, वीस मिनिटं. ऐन रंगात आलं की थांबायचं. पुढचं तिला राहवलं नाही की ती स्वतः अक्षरं जुळवते. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात जमलं. (भा. रा. भागवत हे यासाठीच जन्मले होते. मोठ्याने वाचताना त्यांची वाक्यं जिभेवर नाचतात.)

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' मात्र घाई करून देऊ नका. १४ जानेवारी १७६१ला काय झालं हे आधी पोटात असल्याशिवाय, विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात हुकली तर काय होईल, यात थरार नाही. मुलीला तो धडा केंद्रीय बोर्डाच्या अकरावीच्या इंग्रजीत होता. वर्गातल्या इतर भाषिक मुलांनी तिलाच विचारलं, "पानिपतात हरले तर एवढं काय?" घरी येऊन ती चिडली होती. चिडली म्हणजे माझं काम झालं होतं.

सुरुवात गणपतीपासूनच करा. पट्टी आधी हाताने करायला लावा, मग गोष्ट.

केमिस्ट्रीच्या_बाई

मूकवाचक आहे, पण गणपती निघाला म्हणून राहवलं नाही.

बारावीला मी आरशातले रेणू शिकवते, तेव्हा हीच कथा सांगते. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जवळजवळ सगळी 'डावी', आणि आपण पचवतो ती साखर 'उजवी'. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात जात नाही तसं आहे. समजा एखादा माणूस खरंच अख्खा उलटा होऊन आला. हृदय उजवीकडे, हे लगेच ध्यानात येतं. पण त्याची पाचकद्रव्यंसुद्धा उलटी झाली असणार. ताटात जेवण मात्र आपलंच, सरळ. ग्लुकोजचं आरशातलं रूप आपल्या जिभेला गोड लागतं, पण शरीराला ते वापरता येत नाही. तसंच त्याचं होईल. पोटभर जेवूनही उपाशी.

वासाचंही सांगते. कार्वोन नावाचा एक रेणू आहे. त्याचं एक रूप म्हणजे च्युइंगममधल्या स्पिअरमिंटचा वास, आणि आरशातलं रूप बाळंतशेपात असतं. अणू तेच, जोडणी तीच, फक्त डावं-उजवं वेगळं. मी वर्गात दोन्ही फिरवते. मुलं बाळंतशेपा हुंगून "आजी!" म्हणतात.

बटाटवडा_२०६१

बाई, म्हणजे उलट्या माणसाला शेपूची भाजी पुदिन्यासारखी लागेल? पाठवा मला त्या पट्टीवरून.

केमिस्ट्रीच्या_बाई

भाजीची खात्री देत नाही, बियांची देते. पण वडे पचणार नाहीत, विचार करून जा.

रद्दीत_सापडलेला

निरंजन घाट्यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' सांगायचं राहिलं. विज्ञानकथा नाही, पण एका विज्ञानकथालेखकाने आयुष्यभर काय काय वाचलं त्याची हकिगत आहे. ताई, तुम्हाला ट्रंकेनंतर हेच हवं असणार. हे सहज मिळतं, बारा वर्षं थांबावं लागणार नाही.

शेंडेनक्षत्र

पंधरा दिवसांनी येतेय, हिशेब द्यायला.

'आकांत' वाचनालयात मिळाली. शेवटच्या नोंदीवर १९९८चा शिक्का. तिसरी मिती, तुमचं बरोबर आहे, आणि मी अजून त्यावर बोलायच्या स्थितीत नाही. 'यंत्रायणी'चा शोध चालू आहे. 'नवल'चे सात अंक मिळाले, एकात कुणाच्या तरी वाणसामानाची चिठ्ठी आहे. घाटे उशाशी आहेत.

ओसरी, तुम्ही सांगितलं तसंच केलं. शुक्रवार, कारण मस्कतला तेव्हा सुट्टी. आधी पट्टी करायला लावली. तिने मधोमध कात्रीने उभी कापली आणि दोन तुकडे न होता एकच लांब पट्टी झाली, तेव्हा ती खुर्चीवरून उठली. मग गोष्ट, दोन बैठकांत. मधल्या आठवड्यात वहिनीचा निरोप आला की पोरगी माझ्याकडे पानांचे फोटो मागतेय. पाठवले. किती वाचली ते ठाऊक नाही.

गोष्ट संपल्यावर बाईंची उलट्या जेवणाची गंमतही सांगितली. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आत्या, मग त्या गणपतीला मोदक चालेल का?"

मी म्हटलं, गोड लागेल, पण अंगी लागणार नाही.

"मग मोदकपण पट्टीवरून फिरवून आणायचे ना!"

बाई, एकवीस मोदकांना पट्टी केवढी लागेल?