जुने लॅपटॉप दान करावेत, की सरळ पुनर्चक्रीकरणाला द्यावेत?

तांबडी तार

आमच्या ऑफिसातले ११ लॅपटॉप एका फटक्यात बाद ठरले. बिघडले म्हणून नव्हे. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर त्यांच्यात नाही, एवढंच कारण. सगळे भंगारात काढायचं ठरत होतं. मी हट्टाने मागून घेतले आणि चार रविवार त्यांच्यात घातले.

पहिला उघडला तर पंख्यावर धुळीची गादीच बसलेली. ती काढली, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या, फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपची डिस्क, बसवली, रॅम ४ ची ८ जीबी केली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. सुरू व्हायला दोन-दोन मिनिटं घेणारं यंत्र अर्ध्या मिनिटात हजर! असे ७ उभे राहिले. ज्यांच्याकडे संगणकच नाही अशा विद्यार्थ्यांना ते द्यायचे आहेत.

माझं ठाम मत असं की पुनर्चक्रीकरण हा शेवटचा उपाय आहे. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो विकत घेण्याआधीच, म्हणजे बनवतानाच, होऊन गेलेला असतो. चालतं यंत्र तोडलं की तो सगळा खर्च वाया. तुम्हाला काय वाटतं?

निशाचर

असहमत. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण ‘दान’ या शब्दाची मला आता धास्ती वाटते.

मी एका शिक्षण संस्थेत संगणकांची देखभाल बघतो. एकदा आम्हाला ४० संगणक भेट आले. त्यातले १४ सुरू झाले. बाकीच्यांत कुणाचा पॉवर सप्लाय गेलेला, कुणाच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून डोक्यावर फुटलेले. सोबत काचेच्या नळीचे जुने, अवजड मॉनिटर. त्या काचेत शिसं असतं, मोठ्या मॉनिटरमध्ये तर किलोच्या हिशेबात. ते न्यायला कुणी तयार होईना. देणाऱ्यांचे फोटो काढून झाले, विल्हेवाट आमच्या गळ्यात पडली. दोन वर्षं एक खोली अडून राहिली.

देशादेशांतही हेच झालं. वापरण्याजोगा माल म्हणून कंटेनर सुटायचे आणि त्यातलं बरंच सामान घानातल्या अग्बोग्ब्लोशीसारख्या ठिकाणी पोचायचं. तिथे तांब्यासाठी पोरं केबल जाळायची. धोकादायक कचऱ्याच्या वाहतुकीवरचा बासेल करार १९८९ चा, पण सगळ्या ई-कचऱ्याला, तो धोकादायक असो वा नसो, घेणाऱ्या देशाची आधी संमती घेण्याची अट लागू झाली ती १ जानेवारी २०२५ पासून. मधली ३५ वर्षं काय काय निसटलं असेल, विचार करा.

ओहम

निशाचर यांच्याशी सहमत. शिवाय पुनर्चक्रीकरणाला इतकं कमी लेखू नका. एक टन सर्किट बोर्डांतून जेवढं सोनं निघतं, तेवढं एक टन खनिजातून सहसा निघत नाही. टोकियो २०२० ऑलिम्पिक-पॅरालिम्पिकची सुमारे ५,००० पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून केली होती. सोनंच जवळपास ३२ किलो निघालं!

तांबडी तार

@ओहम, त्या पदकांसाठी सुमारे ६२ लाख मोबाइल गोळा झाले होते, आणि बाकीची उपकरणं वेगळीच. सोनं आणि तांबं परत मिळतं, मान्य. पण हार्ड डिस्कमधलं निओडिमियमचं चुंबक घ्या. डिस्क श्रेडरमध्ये, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रात, गेली की त्याचा चुरा होतो, तो लोखंडाच्या तुकड्यांना चिकटतो आणि भट्टीत कायमचा जातो. वर २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद २२.३ टक्क्यांचीच आहे. बाकीचा कुठे गेला? म्हणूनच म्हणते, यंत्र जितकं उशिरा त्या रांगेत जाईल तितकं बरं.

@निशाचर, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण तो दोष न तपासता देण्याचा आहे. आमचे सातही मी प्रत्येकी दोन दिवस सलग चालवून पाहिलेत. उरलेले चार दान होणार नाहीत. एकाची बॅटरी इतकी फुगलीय की टचपॅड वर उचलला गेलाय. तो चार्जिंगला न लावता, काहीही न टोचता, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवलाय. चौघेही परवानाधारक पुनर्चक्रीकरणवाल्याकडे जातील.

कुलूपकिल्ली

तुम्ही सगळे माहितीबद्दल गप्प कसे? नुसत्या क्विक फॉरमॅटने फाइल जात नाहीत, अनुक्रमणिका तेवढी पुसली जाते. आमच्याकडे नियम स्पष्ट आहे, डिस्क चिरडायचीच.

तांबडी तार

चिरडायची गरज नाही हो. फिरत्या डिस्कवर पूर्ण एक फेरी नव्याने लिहिली तरी पुरतं. एसएसडीचं मात्र तसं नाही. ती आतल्या आत जागा बदलत असते, त्यामुळे वरून लिहिलेलं सगळीकडे पोचत नाही. तिच्यासाठी तिचाच सिक्युअर इरेज हुकूम वापरायचा. आणि डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असेल तर किल्ली नष्ट केली की काम झालं. चिरडणारे ड्रिलने एक भोक पाडून निर्धास्त होतात. एसएसडीत ते भोक चिपच्या शेजारून गेलेलं मी स्वतः पाहिलंय.

कुलूपकिल्ली

सिक्युअर इरेजचं पटलं. तरी पुसल्याची लेखी नोंद हवी, यंत्राच्या क्रमांकासकट. तेवढं असेल तर माझी हरकत नाही.

निशाचर

तपासून देताय, हे चांगलं आहे. तरी माझा मूळ प्रश्न तसाच राहतो. हे सात चार-पाच वर्षांनी बंद पडतील. ज्या मुलाने नीट वापरला त्याच्या हातात तेव्हा मेलेली बॅटरी आणि एक बोर्ड उरेल. त्याला काय ठाऊक कुठे द्यायचं? तो कचऱ्यातच टाकणार, आणि आपण दिलं म्हणून समाधानात राहणार.

तांबडी तार

हा विचार मी केला नव्हता, खरंच. परत आम्हीच घेऊ. प्रत्येकाच्या खालच्या झाकणावर चिठ्ठी लावते: ‘बंद पडला की इथे कळवा’ आणि खाली माझा नंबर.

निशाचर

तुमचा नंबर नको. माणसं नोकऱ्या बदलतात. ऑफिसचा लावा, आणि परत घेण्याचं साहेबांकडून लेखी घ्या. चार्जरवरही तीच चिठ्ठी लावा, तो आधी हरवतो.