आईच्या आठवणी पुस्तकात आणायच्या आहेत: रेकॉर्डिंग, लेखन, छपाई कशी करावी?

वाळवणाचा_पाट

आई ८४ वर्षांची. माहेर पाटण तालुक्यात, लग्नानंतर सगळं आयुष्य पुण्यात. हात थरथरतो म्हणून लिहिणं होत नाही, बोलते मात्र भरभरून. मोबाइलवर वीस-पंचवीस मिनिटांची तीन रेकॉर्डिंग झाली आहेत. एक टाइप करून पाहिलं तर शाळेतला निबंध वाटतो, आई त्यात कुठेच नाही. शिवाय सालांचा घोळ आहे. "नवे पैसे आले तेव्हा", "भूकंपाच्या आधी" अशी तिची कालगणना, आणि दाखल्यावर जन्मतारीख १ जून. घरात वाटायला ४० प्रती काढायच्या आहेत. बहिणीची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांना मराठी कळतं पण देवनागरी वाचता येत नाही. सुरुवात कुठून करावी?

---

जुनीवही

टायपिंग सध्या बाजूला ठेवा. आधी रेकॉर्डिंग नीट होऊ दे, कारण तेच मूळ कागदपत्र. पुस्तक पुढच्या वर्षीही होईल.

वेळ सकाळची, नाश्त्यानंतरची. बैठक ४०-४५ मिनिटांची. त्यानंतर माणूस दमतो, "झालं, तसंच सगळं" अशी उत्तरं येऊ लागतात. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर आधीच उतरवलेला. फोन टीपॉयवर नुसता ठेवलात तर पेला टेकवल्याचा आवाजही ढोलासारखा येतो. घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, आईच्या तोंडापासून दीड वितीवर. एअरप्लेन मोड हवाच, मध्ये फोन आला की बऱ्याच ॲपमधलं रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. कानाचं यंत्र असेल तर ते लावूनच बसवा. नाहीतर ती न ऐकलेल्या प्रश्नाचं उत्तर देते आणि तुम्हाला ते महिनाभराने कळतं.

सुरुवातीला तारीख, जागा आणि खोलीत कोण बसलंय ते तुम्ही बोला. नंतर मान डोलवा, "हो हो", "अगं बाई" तोंडाने नको, तुमचा आवाज तिच्या शब्दांवर चढतो. ती थांबली तर मनात पाच आकडे मोजा. पुढचं, आणि बरेचदा खरं, त्या थांबण्यानंतरच येतं.

आता प्रश्न. "लहानपणाबद्दल सांग" म्हटलं की "गरिबी होती पण सुख होतं" एवढंच हाती लागतं. त्याऐवजी मोठी कार्डशीट घ्या आणि माहेरच्या घराचा नकाशा तिच्याकडून सांगून घेत काढा. ओसरी कुठे, माजघर कुठे, चुलीचं तोंड कोणत्या भिंतीला, गोठ्यातून पाणी कुठे जायचं, रात्री कोण कुठे निजायचं. बाळंतिणीची खोली कोणती, हे विचारलं की तीन पिढ्यांची बाळंतपणं एका बैठकीत निघतात. लग्नाचंही तसंच. "लग्न कसं झालं?" असं न विचारता पंगत कुठे बसली, पाणी कुठून आणलं, भांडी कोणाची, वऱ्हाड कशातून आलं, असं विचारा.

ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं करत जा. पानशेतच्या पुराबद्दल पुण्यातल्या प्रत्येक घरात एक ठरीव गोष्ट असते. "तू स्वतः कुठे उभी होतीस? पाणी पाहिलंस की ओसरल्यावर चिखल पाहिलास?" हे विचारलं की ठरीव गोष्ट बाजूला पडते.

---

पंचांगवाला

सालांचं सांगतो.

१ जून ही तारीख जवळजवळ नक्कीच गुरुजींची. शाळा जूनमध्ये भरायची, नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की वय अंदाजाने धरून १ जून लिहायचे. त्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस एका दिवशी असतो तो यामुळे. म्हणजे दिवस-महिना सोडून द्या, सालसुद्धा एक-दोन वर्षं मागेपुढे धरा. खरी नोंद हवी असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक बघा, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, गाव नमुना १४. नोंदी मोडीत असू शकतात, वाचणारा सोबत न्या. आईच्या नावाने मात्र शोधू नका. नोंद बारशाच्या आधी झाली असेल तर वडिलांचं नाव आणि पुढे नुसतं "मुलगी" एवढंच असतं. भावंडांच्या जन्मांचा क्रम लावूनच ती ओळखावी लागते.

आईच्या खुणा मुळीच वाईट नाहीत, फक्त त्या खुंटीला टांगायला हव्यात. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले. कूळकायद्यातला कृषक दिन, म्हणजे कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक धरायचा दिवस, तोही नेमका तोच, तेव्हा माहेरी कुळाची किंवा मालकाची जमीन असेल तर दोन्ही आठवणी एकमेकींना लागून निघतील. पानशेत १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, पाटणच्या माणसाला हा विचारावाच लागत नाही. मग १९७२चा दुष्काळ, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन. यांच्या मध्ये घरातले जन्म, बदल्या, बिऱ्हाडं बसवत जा: "भूकंप झाला तेव्हा धाकटा रांगत होता की पोटात होता?" एवढ्या एका उत्तराने पाच नोंदींची सालं पक्की होतात.

एक सापळा. "सहा आण्याला शेर दूध" म्हटलं म्हणून ते १९५७च्या आधीचं, असं समजू नका. चार आणे, आठ आणे हे शब्द नवे पैसे आल्यावर कित्येक वर्षं तोंडात होते.

लग्नपत्रिका असेल तर शके बघा. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८८१चा वैशाख म्हणजे १९५९, पण त्याच शकातला माघ म्हणजे १९६०. सरसकट ७८ मिळवल्यामुळे घरोघरच्या वंशावळीत एकेका वर्षाच्या चुका बसल्या आहेत. नातेवाइकांपैकी कोणी इंदूर-ग्वाल्हेरकडचे असतील तर त्यांच्या वद्य पक्षातल्या तिथ्या जपून घ्या. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला भाद्रपद वद्य तो त्यांचा आश्विन कृष्ण.

आणि आईने साल चुकीचं सांगितलं तर वाक्य दुरुस्त करू नका. तिचं तसंच ठेवून खाली तळटीप द्या.

---

वाळवणाचा_पाट

हे फार कामाचं आहे, आभार. टायपिंगमध्ये नेमकं काय बिघडलं ते कळावं म्हणून मी लिहिलेलं एक वाक्य देते: "त्या काळी गावात पाण्याचे दुर्भिक्ष होते व स्त्रियांना पाण्यासाठी अपार कष्ट उपसावे लागत." शिवाय जमिनीवरून मामांशी झालेल्या वादाबद्दल ती बरंच बोलली आहे. ते घ्यावं का?

---

जुनीवही

त्या वाक्यात "दुर्भिक्ष" आईचं नाही, "अपार" तर नाहीच. मूळ रेकॉर्डिंग बहुधा असं काहीतरी असणार:

"पाणी नव्हतं म्हंजे होतं, पण आडाचं. आन् आड खोल. मी आन् ती, ती आपली, हां, सखूआत्या, दोघी मिळून पोहरा वढायचो. दोर वला झाला का हाताला घट्टे पडायचे."

यातून काय काढायचं? "ती, ती आपली, हां" काढा. बाकी ठेवा. "आन्", "वढायचो", "वला" राहू दे, पण मग सबंध पुस्तकभर तसंच हवं. एका पानावर "आन्" आणि दुसऱ्यावर "आणि" झालं की वाचणाऱ्याला ती चूक वाटते. पुण्यात साठ वर्षं काढल्यावर आईची भाषा मिसळलेली असेल, माहेरचं बोलताना एक आणि पुण्याचं बोलताना दुसरी. तो फरक पुसू नका. वाक्यांचा क्रम बदलायला हरकत नाही, शब्द बदलायला आहे. तुमची स्पष्टीकरणं वेगळ्या टायपात किंवा तळटिपेत द्या.

नावांची वही पहिल्या दिवसापासून करा: हाक मारायचं नाव, कागदावरचं नाव, माहेरचं नाव आणि गाव, आईशी नातं. आई "भाऊ" म्हणते तो तिचा भाऊ, की वडील, की दीर? बायकांची दोन नावं असतात, पत्रिकेवर माहेरचं आणि तांदळात लिहिलेलं सासरचं. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असतं, तिथे "गोविंद (थोरले)" असं काही केलं नाही तर नातू आजोबांच्या आधी जन्मतो.

वादाबद्दल माझं मत सरळ आहे: रेकॉर्डिंगमध्ये राहू दे, पुस्तकात नको. मामांची बाजू त्यात नाही आणि ४० प्रती वाटल्यावर परत घेता येत नाहीत. मात्र वगळा, फिरवू नका. "मामांशी संबंध फार चांगले होते" असं कोणी लिहायला सांगितलं तर तो परिच्छेदच गाळा. "ती खोली धाकट्याची" असलं एखादं वाक्य रेकॉर्डिंगमध्ये येऊन जातं आणि पुढे कोणीतरी ते पुरावा म्हणून नाचवतं. ते मृत्युपत्र होत नाही. त्याला लेखी दस्त, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. तो विषय वेगळा उरका, या कामात मिसळू नका.

---

मात्रावेलांटी

डीटीपी करतो, म्हणून पुढचं मी सांगतो.

तासाभराचं बोलणं हाताने उतरवायला पाच-सहा तास जातात. फोनच्या कीबोर्डवरचं मराठी व्हॉइस टायपिंग वापरा, पण आईचं रेकॉर्डिंग त्याला ऐकवू नका, भलतंच लिहितं. कानात हेडफोन घाला, एकेक वाक्य ऐका आणि तुमच्या आवाजात सावकाश पुन्हा बोला. विरामचिन्हं नंतर घालावी लागतील, आणि गावांची नावं, आडनावं, आकडे एकूण एक तपासावे लागतील.

अंदाज असा: वयस्कर माणूस मिनिटाला शंभरेक शब्द बोलतो. दहा तासांचे साठ हजार, कापून तीस हजार. डेमी आकारात (साडेपाच बाय साडेआठ इंच) १४ पॉइंटला पानात २७०च्या आसपास शब्द बसतात, म्हणजे ११२ पानं. फोटोंची १६ धरून १२८, सोळापानी आठ फॉर्म (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेले गठ्ठे) बरोब्बर. टाइप १४च्या खाली नेऊ नका, पहिले वाचक सत्तरीचे आहेत.

टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर-संगणकावर सगळीकडे सारखं वाचता येणाऱ्या पद्धतीत. काही छापखाने अजून जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि त्या बदलात मजकूर मोडतो. पहिला बळी चंद्रकोरी र, म्हणजे "ऱ्या"मधला. तुमच्या पाटणच्या "दऱ्या" छापताना "दर्या" झाल्या की सह्याद्रीत समुद्र आला. "आचाऱ्याने वाढलं" याचं "आचार्याने वाढलं" होतं, आणि ही चूक स्पेलचेकला सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर. म्हणून सगळा मजकूर देण्याआधी एक चाचणी ओळ पाठवा: दऱ्या, दुसऱ्या, कृष्णा, हृदय, वाङ्मय, पुनर्विवाह, ॲल्युमिनियम. छापील कागदावर ती बघा, स्क्रीनवर नको. छापखाना इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू करायला सांगा, नाहीतर वेलांट्या अक्षराच्या भलत्या बाजूला जातात. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच आपल्या वळणाचे ल आणि श येतात, तेवढं बघून घ्या.

४० प्रतींना ऑफसेट परवडत नाही, प्रत्येक फॉर्मच्या प्लेटचा खर्च तेवढ्याच प्रतींवर पडतो. डिजिटलच करा. कागद ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप), नॅचरल शेड. फोटो १३० जीएसएम आर्ट पेपरवर, वेगळ्या सोळापानी फॉर्ममध्ये. साध्या कागदावर छापले तर मागचं पुढे दिसतं. बांधणी शिवणीचीच मागा. गरम गोंदाच्या बांधणीत गुळगुळीत आर्ट पेपर धरत नाही, चार-पाच वेळा उघडल्यावर फोटोंचीच पानं आधी हातात येतात, आणि लोक उघडणार तीच पानं. आतला समास २० मिलिमीटर.

फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नका, अल्बमच्या पानासकट स्कॅन करा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिलं की पुढे चेहऱ्यावर उठतं. फोटो पाकिटात घालायचा, नावं पाकिटावर, आणि ती फोटो आत घालण्यापूर्वी लिहायची. घराघरांत दिसणारं लॅमिनेशन मूळ फोटोला आणि पत्राला अजिबात नको, ते परत निघत नाही. सेलोटेपही नको.

---

जुनीवही

अमेरिकेतल्या मुलांसाठी पुस्तक रोमन लिपीत उतरवायचा खटाटोप करू नका, १२८ पानं तसं कोणी वाचत नाही. त्यांना आवाजच द्या. तीन ते पाच मिनिटांचे तुकडे करून विषयवार नावं द्या: "०७ आड आणि पोहरा", "०८ भूकंपाची पहाट". सोबत वंशावळीचं एक पान, ते मात्र रोमनमध्येही.

व्हॉट्सॲपवर फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फाइलला हात लावू नका, कापायचं ते प्रतीवर. वॅव, म्हणजे आवाज न आकसता ठेवणारी फाइल, मोनोमध्ये (एकाच चॅनेलवर) तासाला साधारण ३०० एमबी होते, दहा तासांचे ३ जीबी, म्हणजे जागा वाचवण्यासारखं काही नाही. एक संच तुमच्या हार्ड डिस्कवर, एक बहिणीकडे, एक क्लाउडवर. पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून विसरू नका. आणि क्लाउडचं खातं आईच्या नावाने नको: दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल खातं बंद करून आतलं सगळं पुसू शकतं.

---

वाळवणाचा_पाट

शनिवारी कार्डशीट घेऊन बसते. शेवटचा प्रश्न. एका ग्रुप फोटोत चौदा माणसं आहेत, त्यातल्या दोघांना आईसुद्धा ओळखत नाही.

---

मात्रावेलांटी

फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढा, १ ते १४ आकडे टाका आणि तेच चित्र फोटोखाली लहान करून छापा. "डावीकडून तिसरा, मागे" हे लहान मुलं मध्ये बसलेली असली की चुकतंच. ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिल मूळ फोटोवर नको, स्कॅनच्या प्रिंटवर. त्या दोघांसमोर "ओळख पटली नाही" लिहा, अंदाजाने नाव टाकू नका. छापायच्या आधी तो फोटो गावाकडच्या एका-दोघा म्हाताऱ्यांना दाखवून या, आणि फोनवर नको, ८ बाय १० इंचाची प्रिंट काढून न्या.