मदत हवी आहे: हंगेरियन 'ओल'ची व्युत्पत्ती

शब्द दोन अक्षरी: ओ (वर दोन टिंबं) आणि एल. ओठांचा चंबू करून 'ए' म्हटला की होतो तो स्वर. देवनागरीत सोयीसाठी 'ओल' लिहितोय; आपल्या ओलीशी संबंध नाही.

स्वीडिशमध्ये हा स्वर दीर्घ आणि अर्थ बिअर. डॅनिश-नॉर्वेजियनमध्येही अर्थ तोच, फक्त ओवर तिरपी रेघ. हा इंग्रजी 'एल'चा सख्खा भाऊ, त्यामुळे हे टोक सुटलंय.

घोळ हंगेरियनमध्ये आहे. तिथे ऱ्हस्व 'ओल'चे तीन अर्थ: मांडी (आई मुलाला घेते ती), सुमारे १.९ मीटरचं जुनं माप, आणि ठार मारणे!

पहिले दोन जुळतात. हंगेरियनच्या नात्यातल्या फिनिशमध्ये 'स्युली' म्हणजे मांडीही आणि हात पसरून मोजलेलं अंतरही. सुरुवातीचा स हंगेरियनमध्ये गळतो (फिनिश 'स्युक्स्यु', हंगेरियन 'ओस', म्हणजे शरद ऋतू). गंमत म्हणजे स्वीडिश 'फाम्न'लाही मिठी आणि माप हे दोन्ही अर्थ आहेत. आपली कोळ्यांची वावही हात पसरूनच मोजतात.

अडलंय ते क्रियापदाशी. माझ्याकडच्या हंगेरियन-इंग्रजी कोशात नुसते अर्थ आहेत, व्युत्पत्ती नाही. सविस्तर कोश जर्मन किंवा हंगेरियनमध्ये, आणि मला दोन्ही वाचता येत नाहीत. मराठी किंवा इंग्रजीतलं काहीही चालेल. 'कवेत घेऊन गळा आवळणे' असले तर्क नकोत, ते माझे मीच करून झालेत.

तर, मारण्याचा 'ओल' वेगळ्या धातूचा आहे का, आणि खांती-मान्सीसारख्या जवळच्या भाषांत त्याचं भावंड कोणतं?