दोन फटक्यांना एवढी शिक्षा?

पाथरवट (धागाकर्ता):
बायबलातल्या 'गणना' पुस्तकाचा २० वा अध्याय परवा पुन्हा वाचला आणि डोकं फिरलं. इस्राएल लोक कादेशला पोचलेत. त्यांचा पुढारी मोशे, त्याची बहीण मिर्याम नुकतीच वारली, तिला तिथंच पुरलं. प्यायला थेंब नाही, लोक मोशेच्या नावानं खडे फोडतायत. देव सांगतो, काठी घे, सगळ्यांना गोळा कर आणि खडकाशी बोल. मोशे बोलायचं सोडून काठीनं दोनदा हाणतो. पाणी येतं, माणसं पितात, गुरं पितात. आणि लगोलग निकाल: तू आणि तुझा भाऊ अहरोन, दोघंही मी देऊ केलेल्या त्या देशात जाणार नाही.

ह्या कटकट्या लोकांना चाळीस वर्षं रानातून ओढत आणलं त्यानं. पुढे विनवण्या केल्या, मला यार्देन नदीपलीकडे जाऊ दे, तर उत्तर काय? पुरे, हा विषय पुन्हा काढू नकोस. १२० व्या वर्षी नबो डोंगरावरून देश नुसता बघायचा आणि मरायचं. बरं, 'निर्गम'च्या १७ व्या अध्यायात होरेबला देवानंच 'खडकाला मार' म्हणून सांगितलेलं. बोलायचंच होतं, तर ह्या खेपेला काठी कशाला घ्यायला लावली? आज्ञा मोडली, मान्य. पण शिक्षेला काही माप?

कायद्याचं बोला:
माप आहे, तुम्हाला दिसत नाहीये. सिग्नल सायकलवाल्यानं तोडला आणि हवालदारानं तोडला, सारखंच का? १२ वं वचन वाचा. माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत, लोकांसमोर माझं पावित्र्य राखलं नाहीत, एवढंच कारण आहे. फटक्यांचा त्यात उल्लेखही नाही. आणि मोशे ओरडतो काय? बंडखोरांनो, आम्ही ह्या खडकातून तुम्हाला पाणी काढून द्यायचं का? 'आम्ही'! नाखमानिदीस ह्या यहुदी भाष्यकारानं १३ व्या शतकात ह्याच शब्दावर बोट ठेवलंय.

पाथरवट:
आणि दुसरा भाष्यकार राशी म्हणतो, बोलायचं सोडून मारलं हा गुन्हा. मायमोनिदीस म्हणतो, लोकांवर चिडला हा गुन्हा. एवढे तीन दिग्गज, तिघांना तीन गुन्हे सापडतात. आरोपपत्रातच घोळ आहे की हो!

जुनी पोथी:
घोळ आहेच. 'अनुवाद' पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे लोकांना सुनावतो, तुमच्यामुळे परमेश्वर माझ्यावर कोपला. तिथं विषय देश बघायला धाडलेल्या हेरांचा चाललाय, खडकाचा पत्ताच नाही. शेवटाकडे, ३२ व्या अध्यायात, पुन्हा मरीबाचं, म्हणजे ह्याच खडकाचं, पाणी हेच कारण. मला वाटतं, मोशे यार्देनेच्या पूर्वेलाच वारला ही आठवण पक्की होती. एवढा मोठा माणूस पलीकडे का पोचला नाही, ह्याची उत्तरं लिहिणाऱ्यांनी मागाहून शोधली. शिक्षा आधी, गुन्हा नंतर.

कायद्याचं बोला:
साफ असहमत. असं म्हटलं की कुठलीच अडचण उरत नाही, आणि वाचायचं कारणही उरत नाही. ज्यांनी हे जपलं त्यांना ह्या विसंगती दिसल्या नसतील होय?

शनवारतेली:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, अलिबागकडचा. हा भाग आमच्याकडे जून-जुलैत वाचतात. लहानपणी मशिदीत (सिनेगॉगला जुनी माणसं मशीदच म्हणायची) वाचन झालं की आजोबा कानात मराठीत सांगायचे, रानात पाणी नव्हतं रे, घसा कोरडा पडला सगळ्यांचा. आणि बाहेर पागोळ्या धो धो. मी हसलो की आजीचा चिमटा.

अवांतर पुरे. मला मोशेपेक्षा अहरोनाचं वाईट वाटतं. लोकांनी पुजलेलं सोन्याचं वासरू त्यानंच ओतलं, तेव्हा सुटला. इथं नुसता शेजारी उभा, तोंडातून अवाक्षर नाही. त्याच अध्यायात होर डोंगरावर त्याची याजकाची वस्त्रं उतरवून मुलाच्या, एलाजाराच्या, अंगावर घातली आणि तो गेला. कायदेवाल्यांनी ह्यावर बोलावं.

कायद्याचं बोला:
देवानं दोघांना सांगितलं होतं. अडवायचं सोडून तो गप्प बसला, हाच गुन्हा.

जुनी पोथी:
म्हणजे चौथा गुन्हा. चालू द्या.

पाथरवट:
एक कळत नाही. आज्ञा मोडली, तर खडक कोरडाच राहायला हवा होता. पाणी का आलं?

शनवारतेली:
गुरंही तहानलेली होती ना हो. त्यांनी कुठली आज्ञा मोडली होती?